गीझरचा लाल दिवा

शनिवारी सकाळी साडेआठ वाजता माझ्या मनात आलं की बाथरूममधल्या गीझरला एक लाल दिवा हवा. एवढंच. लोक याहून मोठे निर्णय घेतात, लग्नंसुद्धा करतात, आणि त्यांचं काही बिघडत नाही.

बाथरूम चार सेंटिमीटर रुंद होतं. बुटांच्या खोक्याएवढं ते घर मी तीन आठवडे खपून पुठ्ठ्याचं बनवलं होतं. इमारतींची मॉडेल्स करणाऱ्या एका कार्यशाळेच्या मालकांनी मला पारखायला दिलेलं ते काम. सात खोल्या, प्रत्येक खोलीत तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा एलईडी, आणि सगळ्यांना मिळून एकच सेल, कोटाच्या बटणाएवढा, जिन्याखालच्या फटीत सरकवलेला. शनिवारी अकरा वाजता सातही खोल्या उजळलेल्या दिसल्या तर सोमवारपासून नोकरी. नाही दिसल्या तर सोमवारपासून मामाचं ऑफिस, जिथे मी आवक-जावक वही लिहायची असं घरच्या वडीलधाऱ्यांनी मला न विचारता ठरवून टाकलं होतं. (माझी पदवी इलेक्ट्रॉनिक्सची. मामाच्या ऑफिसातली सर्वांत आधुनिक वस्तू म्हणजे टेबलावरची घंटी.)

बाबा वीज खात्यातून निवृत्त झालेले. चौतीस वर्षं सबस्टेशनात काढल्यामुळे सेलच्या तीन व्होल्टला ते वीजच मानत नाहीत, पण सल्ला मात्र देतात. प्रत्येक दिव्याला रेझिस्टर लाव, नाहीतर जळतील, असं त्यांनी तीन आठवडे लावून धरलं होतं. मी त्यांना समजावलं की हा चिमुकला सेल मुळातच इतका अशक्त असतो की त्याच्याकडून जास्त करंट जातच नाही, तो आतूनच स्वतःला आवरतो. आई म्हणाली, म्हणजे अगदी तुझ्या उलट. असो. रेझिस्टर लावले नाहीत आणि एकही दिवा जळला नाही. मी बरोबर होते. हे इथे नोंदवून ठेवते, कारण पुढे कोणीच नोंदवलं नाही.

शुक्रवारी संध्याकाळी सातही खोल्या लखलखत होत्या. तिथे थांबायला हवं होतं. पण छोट्या तपशिलांतूनच घराला घरपण येतं, असं एक वाक्य मी मालकांना ऐकवण्यासाठी तयार केलं होतं आणि त्याला शोभेल असा एखादा तपशील तर हवा. छप्पर चिकटवून झालेलं. म्हणून श्वास रोखून, खिडकीतून चिमटा घालून, मी त्या लाल दिव्याचे दोन पाय भिंतीकडेच्या केसाएवढ्या तारांना अडकवले. गीझर लागला. घर विझलं.

पुढचा तास-दीड तास मी शास्त्रशुद्ध पद्धतीने दोष शोधला. म्हणजे आधी आईला विचारलं, तू यावर फडकं मारलंस का. मग बाबांना विचारलं, तुम्ही हात लावलात का. मग सेल विकणाऱ्या दुकानदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

"शेवटचं काय लावलंस?" बाबांनी पेपरातून डोकं वर न काढता विचारलं. "ते आधी काढ."

"बाबा, हे तुमचं सबस्टेशन नाही. तो लाल दिवाच तेवढा लागलाय. जे चालतंय तेच काढू?"

"बरं," बाबा म्हणाले आणि त्यांनी पान उलटलं. (त्यांच्या 'बरं'चा मला जितका राग येतो तितका कुणाच्या शिवीचाही येत नाही.)

सेलच जुना निघाला यात मला शंका नव्हती. मी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यातला सेल काढून लावला. मग आई ज्यावर उभी राहून रोज निराश होते त्या काट्यातला. मग दाजींच्या गाडीच्या किल्लीतला. दाजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान, आम्हाला कार्यशाळेत सोडायला आले होते. किल्लीतला सेल सर्वांत ताजा निघाला. त्याने गीझर असा पेटला की बाथरूमला आग लागल्यासारखी दिसू लागली. बाकी घरात मिट्ट काळोख.

"पाणी तापलं असेल एव्हाना," दाजी म्हणाले.

साडेदहा वाजले. घाईघाईत सगळे सेल परत भरले, पण ते टेबलावर एकमेकांत मिसळले होते आणि सगळे दिसायला सारखे. दाजींच्या किल्लीच्या वाट्याला आईच्या काट्यातला सहा वर्षांचा म्हातारा आला. किल्लीचं बटण दाबून गाडी उघडेना. दाजींनी किल्ली कुलपात घालून दार उघडलं, तर गाडीला वाटलं चोर आले आणि ती बोंबलायला लागली. माझं मॉडेल बघायला एक दिवस लोक गर्दी करतील असं मी नेहमी म्हणायचे. त्या दिवशी अख्खी गल्ली जमली.

गाडी सुरू झाली तशी बोंब थांबली. मॉडेल बाबांनी मांडीवर घेतलं. मी रागाच्या भरात ते खिडकीबाहेर फेकेन, असं त्यांचं म्हणणं.

कार्यशाळेत मालकांनी कपाळावरचं भिंग डोळ्यांवर ओढलं आणि एकेका खिडकीत डोकावून पाहिलं. वेळ न दवडता मी सांगून टाकलं, "घरची माणसं गावाला गेलीत. गीझर बंद करायचा राहिला."

"आणि सात खोल्या उजळायच्या ठरल्या होत्या, त्यांचं काय?"

मी तयार ठेवलेलं घरपणाचं वाक्य ऐकवून टाकलं. सोमवारची आवक-जावक वही डोळ्यांपुढे आली.

"चिमटा मिळेल का?" बाबांनी मालकांना विचारलं. मला नाही. चष्मा नाकावर सरकवून त्यांनी खिडकीतून चिमटा घातला आणि लाल दिवा अलगद उचलला. सातही खोल्या लागल्या.

मालक म्हणाले, लाल दिव्याला कमी व्होल्टेज पुरतं, त्यामुळे तो सेलला आपल्या पातळीवर खाली ओढतो, सगळं एकटा पितो आणि पांढरे उपाशी राहतात.

"हे मला माहीत होतं," मी म्हटलं.

"कधी?"

"दुसऱ्या वर्षी. चांगले मार्क होते त्यात."

मालकांनी बाबांना विचारलं, तुम्ही कसं ओळखलंत? बाबा म्हणाले, ओळखलं कुठे, शेवटचं लावलेलं काढून बघितलं. हे ऐकून मालकांनी त्यांना आतल्या कपाटाशी नेलं. तिथे गिऱ्हाइकांनी परत पाठवलेली तीसेक अंधारी घरं धूळ खात पडली होती. दोघे अर्धा तास तिथेच रमले. बाहेर आल्यावर मालक म्हणाले, "तर मग सोमवारी नऊला या."

मी उठले, आभार मानले, मन लावून काम करीन असं म्हटलं, थोडी गहिवरलेही. माझं पूर्ण होईपर्यंत मालक सभ्यपणे थांबले. मग त्यांनी सांगितलं की ते बाबांशी बोलत होते.

"हाताखाली कुणी लागेल का तुम्हाला?" त्यांनी बाबांना विचारलं.

बाबांनी माझ्याकडे बघितलं.

"आहे एक ओळखीतली," ते म्हणाले. "मार्क चांगले आहेत. बाकीचं शिकवून घेऊ."