नदीला न दुखवता पैलतीरी

एका जंगलात सगळं काही होतं, मुलांनो, फक्त वर्तमानपत्र नव्हतं. त्यामुळे तिथले प्राणी पुष्कळ वर्षं सुखात होते. बातमी कळायची ती सरू टिटवीकडून.

सरू दिसायला पाप्याचं पितर. पण आवाज असा, की झोपलेलं अस्वल दचकून उठून तोंड धुवायला जावं. तिचा एक नेम होता. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ती चोच उघडत नसे. वणवा लागलाय असं कोल्ह्याने सांगितलं, तर ही आधी उडत जाऊन शेपूट पोळून घेणार आणि मग ओरडणार. म्हणून तिच्या शब्दाला मान होता. वाघाने डरकाळी फोडली तरी हरणं आधी सरूकडे बघत. सरूने मान हलवली की मगच घाबरत.

या जंगलाच्या मधून एक नदी वाहत होती. वरच्या अंगाला उतार होता. तिथे पाणी गुडघाभर. सगळे प्राणी तिथूनच चालत पलीकडच्या कुरणात जात. खालच्या अंगाला डोह होता, आणि डोहात मंजुळाबाई मगर राहत होती. डोहातून कोणी जात नसे. उतारावर मंजुळाबाईला जाता येत नसे, कारण तिथल्या वाळूत तिचं पोट रुतायचं. बिचारी मासे खाऊन खाऊन विटली होती. पंगत समोरून चालत जातेय आणि आपण आपले उष्टी भांडी चाटतोय, असं तिचं झालं होतं.

तेव्हा तिने शुभ्रकांत बगळ्याला बोलावलं.

शुभ्रकांत हा जनसंपर्क सल्लागार होता. म्हणजे काय, ते विचारू नका. त्याच्या आईलाही ठाऊक नव्हतं. तो एका पायावर उभा राही. दुसरा पाय वर का, असं कोणी विचारलं तर म्हणे, पृथ्वीवर आपला भार कमीत कमी टाकावा.

मंजुळाबाईने त्याला आपली अडचण सांगितली. माझ्यावर कोणाचा विश्वास नाही, म्हणाली.

"नसू दे," शुभ्रकांत म्हणाला. "तुमच्या दातांकडे पाहून तो बसायचाही नाही. ज्याच्यावर लोकांचा विश्वास आहे, त्याच्या तोंडून आपण बोलायचं. फक्त एक पथ्य पाळा बाई. खोटं बोलायचं नाही. खोट्याला रोज खायला घालावं लागतं. खरं आपलं आपण जगतं. शाश्वत असतं ते."

मंजुळाबाईला यातलं खायला घालण्यापुरतं कळलं. ती हो म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शुभ्रकांत सरूकडे गेला. त्याने तिला ताई म्हटलं. मग सांगितलं, की मंजुळाबाई आता प्राण्यांना पाठीवर बसवून नदीपार नेणार आहे. होडी नाही, म्हणून झाड तोडणं नाही. धूर नाही, आवाज नाही. उलट उतारावरून चालणाऱ्यांच्या खुरांनी तळ ढवळतो, पाणी गढूळ होतं, माशांची अंडी फुटतात.

सरू म्हणाली, "अरे बगळ्या, तू सांगतोस म्हणून मी ओरडणारी नव्हे. मी बघणार."

"बघाच ताई," शुभ्रकांत म्हणाला. त्याला तेच हवं होतं.

सरूने मंजुळाबाईभोवती घिरट्या घातल्या. झाड तोडलेलं नव्हतं. धूर निघत नव्हता. मग ती उतारावर गेली. म्हशी चालल्या होत्या, आणि पाणी खरंच चहासारखं झालं होतं. सरूने खाली उतरून माशांची अंडीसुद्धा पाहिली. फुटलेली होती. मग मात्र तिने गळा काढला. मंजुळाबाई झाड तोडत नाही, धूर करत नाही. खुरांनी नदी दुखते. टिटिव, टिटिव.

जंगल हेलावलं. आजवर आपण नदीला तुडवत होतो, या विचाराने एका गव्याला रडू आलं. नदीला याआधी कोणी काही विचारलं नव्हतं, आताही विचारलं नाही. पण तिच्या वतीने वाईट वाटून घ्यायला सगळे तयार झाले. उतारावर कोणी पाय ठेवला की लोक त्याच्या खुरांकडे बघून नाक मुरडत. हळूहळू वाट मोडली. तिच्यावर टाकळा उगवला.

डोहाकाठी रांग लागली.

आता मंजुळाबाई काही सगळ्यांना खात नव्हती. वेडी थोडीच होती. हाडकुळे पैलतीरी पोचत. ज्यांची वरपर्यंत ओळख, तेही पोचत. माकडांचा पुढारी पोचला आणि प्रवास किती मऊ झाला यावर त्याने भाषण केलं. बाकीच्यांबद्दल कोणी विचारलं, तर शुभ्रकांत नम्रपणे सांगे, की आमच्या सेवेत काहीही वाया जात नाही. आणि आजवर एकाही प्रवाशाने परत आणून सोडा असं म्हटलेलं नाही. सरू हेही तपासून पाही. नदीकाठी कचऱ्याची काडी नव्हती. परत सोडा म्हणणारा कोणी नव्हता. ती ओरडे.

सरूची एक जिवाभावाची मैत्रीण होती, बायजा भेकर. चांगली गोलमटोल, गोड खाणारी, आणि हट्टाला पेटली की देवालाही न ऐकणारी. तिची मुलगी पलीकडच्या कुरणात दिली होती. विहीण मात्र अलीकडेच राहायची, आणि दोघींची कायम चढाओढ चालायची. मुलीचे दिवस भरत आले होते. बायजाने बाभळीचा डिंक गोळा करून लाडू वळायला घेतले आणि जाण्याचा दिवस ठरवला. निरोप द्यायला सरू आधी उडत पलीकडे गेली.

मुलगी म्हणाली, "मावशी, आई कशाने येणार?"

सरूने अभिमानाने मंजुळाबाईचं नाव सांगितलं.  मुलगी म्हणाली, की आमचे दोन दीर त्याच सेवेने निघाले होते. अजून पोचायचे आहेत. ससा यायचा आहे. शेजारच्यांचा मोठा रानडुक्कर यायचा आहे. तिकडे ते कुठे गुंतले आहेत का?

 सरू सरळ डोहावर आली आणि मधल्या खडकावर बसून राहिली. पाणी संथ होतं. मंजुळाबाई एका साळिंदराला घेऊन निघाली. डोहाच्या मध्यावर आली आणि खाली गेली. वर आली तेव्हा एकटी होती, आणि साळिंदराच्याच काट्याने दात कोरत होती.

सरूने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. ती जंगलभर ओरडत सुटली, की मगर प्रवासी खाते.

तुम्हाला वाटेल, आता प्राणी पळाले असतील. कुठले पळतायत. ते चिडले, आणि ते सरूवर चिडले. कालपर्यंत तूच तर मगरीचं कौतुक सांगत होतीस, असं अस्वल म्हणालं. तेव्हा खरं बोलत होतीस की आता? सरूने सांगून पाहिलं, की दोन्ही खरंच आहे. पण जंगलात एका वेळी एकच खरं चालतं. दोन झाली की लोकांना पोटदुखी होते.

शुभ्रकांतने लगेच वाळूवर सभा बोलावली. मंजुळाबाई पुढे आली. तिने डोळे पुसले. मगरीच्या डोळ्यांबद्दल मी काही बोलत नाही.

"हो, खाल्ले," ती म्हणाली. "काही जण खाल्ले. मी मगर आहे."

 मग तो गवा उठला आणि म्हणाला, की इतकं मोकळं आजवर या जंगलात कोणी बोललं नव्हतं. वाघ पिढ्यान्‌पिढ्या खातोय, त्याने कधी सभा घेतली का? याला पारदर्शकता म्हणतात, शुभ्रकांत म्हणाला. सगळ्यांनी तो शब्द तोंडात घोळवून पाहिला आणि तो त्यांना आवडला.

मंजुळाबाईने पुढची योजना सांगितली. खाणं आपण टप्प्याटप्प्याने कमी करू. पहिला टप्पा आपल्या नातवंडांच्या काळात येईल. शिवाय खाल्लेल्या प्रत्येक प्रवाशामागे काठावर एक करंजाचं रोप लावू, त्याला प्रवाशाचंच नाव देऊ. यावर एका रानडुकराने विचारलं, की करंजाऐवजी आंबा मिळेल का. विचार करू, असं उत्तर मिळालं. टाळ्या पडल्या.

रांग दुप्पट झाली. त्या रांगेत, शिंगं नसल्यामुळे गाठोडं गळ्यात अडकवून, बायजा उभी होती. तिच्यापुढे फक्त एक खोकड होतं, आणि मंजुळाबाई त्याच्याकडे न बघता बायजाच्या मांड्यांकडे बघत होती.

सरू तिच्यापुढ्यात उतरली. "बायजे, अगं, ती तुला खाणार."

"खाल्लं तर सांगेल ना," बायजा म्हणाली. "लपवणारी नाही ती."

"उतारावरून जा. गुडघाभर पाणी आहे."

"आणि नदीला दुखवू? तूच ओरडलीस ना गं? आता तुलाच आठवत नाही?" असं म्हणून तिने मान फिरवली, आणि शेजारणीला सांगू लागली, की सरूचं हल्ली वय झालंय.

खोकड पाठीवर बसून गेलं. हाडकुळं होतं, पोचलं. मंजुळाबाई परत येऊन काठाला टेकली आणि प्रेमाने म्हणाली, "या, बसा."

सरूने खरं सांगून पाहिलं होतं. तिच्याजवळ होतं नव्हतं ते सगळं खरं संपलं होतं. बायजाने एक पाय पाठीवर ठेवला.  मग सरूने आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं.

"जा बाई सावकाश," ती म्हणाली. "तुझी विहीण पोचलीच आहे."

बायजाचा पाय तिथेच थांबला. "कोण पोचली?"

"विहीण तुझी. सकाळीच. उतारावरून चालत आली. तिचेच लाडू चाललेत आता. सगळ्यांना सांगतेय, की मुलीच्या आईला काय घाई, ती उभी आहे रांगेत."

पुढचं कोणाला नीट दिसलं नाही. चिखल उडाला, टाकळा आडवा झाला, आणि गळ्यात गाठोडं घेतलेली एक गोलमटोल भेकर उतारावरून नदीचा तळ ढवळत, जी अंडी फुटायची ती फोडत, धाप टाकत पलीकडे गेली. मंजुळाबाई तिच्यामागे निघाली होती. पण वाळूत तिचं पोट रुतलं. शुभ्रकांतला दुसरा पायही जमिनीवर टेकवून तिला ओढावं लागलं.

पलीकडे विहीण नव्हतीच. ती आपल्या घरी झोपा काढत होती. बायजाने आधी तिला झुडपांत शोधलं, मग जावयाला खडसावलं, मग तिच्या लक्षात आलं. त्याच संध्याकाळी मुलीला गोजिरवाणं पाडस झालं. पण बायजाचं अर्धंच लक्ष तिकडे. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक पाखराला ती थांबवून सांगत होती, की सरू टिटवी खोटं बोलते. धडधडीत खोटं. माझ्या नावाचं झाड होणार होतं, तेही बुडालं.

बातमी अलीकडे पोचायला वेळ लागला नाही. शुभ्रकांतने पुन्हा सभा घेतली आणि खालच्या आवाजात विचारलं, की जी एकदा खोटं बोलली, तिच्यावर विश्वास कसा ठेवायचा.  सरूला विचारलं, तेव्हा तीही म्हणाली, हो, खोटं बोलले. पण तिने रोपं लावायची योजना आणली नव्हती, त्यामुळे ते पारदर्शकतेत धरलं गेलं नाही. जंगलाच्या बातम्या सांगायचं काम त्या दिवसापासून मंजुळाबाईकडे गेलं. सगळ्या जंगलात कधीही खोटं न बोललेली ती एकटीच उरली होती.

सरू एकदा पाडस बघायला पलीकडे गेली. बायजाने तिला दगड लाथाडून हाकललं. सरू लांबच्या टेकाडावर जाऊन बसली आणि तिथून पाहत राहिली. पाडस आजीच्या पोटाशी लोळत होतं. आजी त्याला सांगत होती, ती बघ, ती खोटारडी. आजी चांगली जाड झाली होती.

तात्पर्य : मुलांनो, खोटं कधीही बोलू नये. खोट्याने एखाद्याचा जीव वाचतो, आणि वाचलेला जन्मभर तक्रार करत बसतो. मगरीचं बघा. तिच्या पोटात गेलेल्या एकाही गिऱ्हाइकाची आजवर तक्रार आलेली नाही.