नव्वदवर बसलेली ओल

दिगंबर खांबेटे यांच्या स्वयंपाकघराच्या भिंतीतल्या ओलीने मंगळवारी सकाळी त्यांच्या सूत्रावर रीतसर हरकत घेतली.

विटेच्या छिद्रांतून पाणी किती वर चढतं, याचं सूत्र बसवण्यात खांबेटेसरांची बावीस वर्षं गेली होती. सूत्राप्रमाणे ओल नव्वद सेंटिमीटरवर थांबायची. घरातली ओल एकशे चाळीसला पोचली होती. सरांनी तिच्या नोंदीपुढे ‘अपवाद’ लिहून तिला आलेखातून वगळलं. अशा वगळावगळीला अक्कल लागते, आणि ती सरांकडे मुबलक होती.

"इतकी वर्षं तुमच्याच घरात राहते मी," ओल म्हणाली. "अपवाद म्हणण्याआधी एकदा विचारायचं तरी."

"आलेख बिघडत होता," सर म्हणाले.

"तुम्ही सगळी छिद्रं एकाच मापाची धरलीत. या विटा अर्धवट भाजलेल्या. छिद्रं फार बारीक आहेत, आणि छिद्र जितकं बारीक तितकी मी उंच जाते."

सरांच्या पत्नी वसुधाताईंनी चहाची बशी भिंतीला टेकवली. ओलीने चहा सावकाश ओढून घेतला.

"खरंय हो तिचं," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "तिच्यापायी भिंतीवरची फळी मी दोनदा वर सरकवली."

सरांनाही ते ठाऊक होतं. पण गुरुवारी विद्यापीठाची समिती येणार होती, आणि तिने मान्यता दिली तर सूत्राला ‘खांबेटे’ हे नाव लागणार होतं. सूत्र राहत्या घरात तपासायची अट होती. अर्ज भरताना सरांनी घाईत स्वतःचाच पत्ता लिहिला होता. आता लाज गुंडाळून ते म्हणाले, "एक दिवस नव्वदवर थांबाल?"

"लेखी द्या," ओल म्हणाली. सरांनी लेखी दिलं.

गुरुवारी ओल नव्वदवर बसली. समितीचे अध्यक्ष डॉ. पटवेकर यांनी तीनदा टेप लावली आणि अभिनंदनासाठी हात पुढे केला.

सरांची नजर भिंतीकडे गेली. ओल नव्वदच्या खुणेखाली अंग चोरून बसली होती, तिला धड हलताही येत नव्हतं. आपलं नाव लागावं म्हणून घरच्या बाईमाणसाला असं अवघडून बसवलं, याची त्यांना मनापासून शरम वाटली.

"उठा तुम्ही," ते म्हणाले.

ओल उठली. आखडलेलं अंग सैल करत ती एकशे बावन्नपर्यंत गेली.

पटवेकरांनी हात मागे घेतला, ‘सूत्र नामंजूर’ असा शेरा मारला आणि साक्षीदार म्हणून ओलीची सही घेतली. सही खालच्या चार पानांवरही उमटली, त्यामुळे वेगळ्या प्रती काढाव्या लागल्या नाहीत.