होकाराचा बळी

सव्वा वाजता ताईचे चार प्रश्न आले आणि एका मिनिटात चार उत्तरं गेली. जेवलास का? हो. गॅस बंद केलास का? हो. किल्ली जवळ आहे ना? हो. आज कुणाशी बोललास का? हो. गेले तीन महिने हे असं बिनबोभाट चाललं होतं. ज्याला हे प्रश्न विचारले जात होते, त्यानं मात्र तीन महिन्यांत त्यातला एकही वाचला नव्हता.

तो तपासनीस होता. कॉम्प्युटरच्या पोटात कर्नल नावाचा एक कारभारी असतो. कुठल्या प्रोग्रॅमला किती मेमरी द्यायची आणि काम झालं की ती कशी परत घ्यायची, हे तो बघतो. या कारभाऱ्याच्या हातून पूर्वी झालेली, दुरुस्त केलेली चूक पुन्हा डोकं वर काढत नाही ना, हे रोज पाहणाऱ्या चाचण्या लिहायच्या, हे तपासनीसाचं काम. एक चूक, एक चाचणी. अशा चारशे बारा चाचण्या त्याच्या घरातल्या मशीनवर रोज चालायच्या आणि रोज पास व्हायच्या. कामावर घेताना साहेब म्हणाले होते, "आमचा फोन आला नाही, तर समज तुझं उत्तम चाललंय." तपासनीसाचं अकरा महिने उत्तम चाललं होतं.

खरं तर ताईही हेच काम करत होती, फक्त बिनपगारी. तो एकदा उपाशीपोटी चक्कर येऊन पडला, तेव्हा पहिला प्रश्न जन्माला आला. स्वयंपाकघराचा पडदा जळला, तेव्हा दुसरा. पाच तास जिन्यात बसून काढले, तेव्हा तिसरा. चौथ्याची गोष्ट वेगळी होती. एकदा ताईनं फोन केला आणि त्याच्या तोंडून नुसती हवा आली. आठवडाभर कुणाशी बोललाच नव्हता, त्यामुळे घसा धरला होता. ताई त्या दिवशी रडली होती.

पण रोज तेच ते ऐकून माणूस कावतो. एका दुपारी एक अवघड जुनी चूक अगदी शेपटीला धरून हातात आलेली असताना फोन वाजला आणि ती निसटली. त्यानं चिडून ताईच्या निरोपांना परस्पर उत्तर देणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. त्याचं नाव ठेवलं 'होकार'. चाचण्यांचं मशीन दिवसभर चालूच असायचं, म्हणून तो त्याच मशीनवर बसवला. चाचणीच्या मशीनवर घरगुती काही ठेवू नये, हे त्यानंच सगळ्यांना दोनदा लेखी कळवलं होतं.

मंगळवारी त्यानं चारशे तेरावी चाचणी लिहायला घेतली. मेमरी पार संपली की कर्नल एका प्रोग्रॅमचा बळी देतो, बहुधा सगळ्यात जास्त जागा अडवून बसलेल्याचा. मागे त्यानं भलत्याचाच बळी दिला होता. ते पुन्हा होऊ नये म्हणून तपासनीसानं एक ढोल्या, बिनकामाचा प्रोग्रॅम बनवला. नाव बकरा. मेमरी भरायची, बकरा मेला की चाचणी पास. पाऊण वाजता त्यानं गॅसवर अंडी उकडायला ठेवली, मशीनच्या पंख्यांची घरघर नको म्हणून स्वयंपाकघराकडचं मधलं दार लावून घेतलं आणि चाचणी सोडली.

पडद्यावर अक्षरं उमटली: 'नापास. बकरा जिवंत आहे.'

तपासनीस खुर्चीतून उठलाच. अकरा महिन्यांत पहिली नापास! त्यानं साहेबांना कळवलं आणि काय सांगावं, पाच मिनिटांत साहेब आणि सात सहकारी पडद्यावर हजर झाले. त्यातल्या चौघांचे चेहरे तो प्रथमच पाहत होता. त्यानं कानांवर हेडफोन चढवले आणि बोलायला लागला. बोलताना त्याचा आवाज दोनदा चिरकला, पण थांबला नाही. अंडी तो साफ विसरला.

इकडे सव्वा वाजला. चार प्रश्न गेले आणि उत्तर आलं नाही. दीडपर्यंत ताईचे अकरा फोन झाले, ते सगळे त्याच्या उशीखाली मुकाट थरथरले. मग ताईनं खालच्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या काकूंना फोन लावला.

"काकू, जरा वर जाऊन बघता का हो? तो एका मिनिटात उत्तर देतो, रोज!"

काकू टेप गळ्यात तशीच ठेवून वर आल्या. बेल दाबली, दार बडवलं. काही नाही. तेवढ्यात आतून फट् असा आवाज आला. मग आणखी एक.

"अगं बाई, आत बार उडतायत!" काकू फोनमध्ये ओरडल्या. "आणि जळकट वासही येतोय!"

"फोडा दार!" ताई म्हणाली.

कोपऱ्यावरचा किल्लीवाला आला. त्यानं कुलपाकडे पाहिलं, वास घेतला आणि कुलपाच्या नादी न लागता पहार मागवली.

आत साहेब म्हणत होते, "शाबास! फार मोठी चूक पकडलीस." तपासनीसाला कुणी शाबास म्हणून बरीच वर्षं झाली होती. त्याचे डोळे भरून आले. त्यामुळे साहेबांचा चेहरा बदललेला त्याला दिसला नाही.

"अरे, तुझ्या मागे कुणीतरी पहार घेऊन उभं आहे."

तो गर्रकन वळला. हेडफोनची वायर निघाली आणि आठ जणांचा कालवा खोलीत घुमू लागला. काकू धावत जाऊन गॅस बंद करून आल्या. पातेलं कोळसा झालं होतं आणि अंडी छताला चिकटली होती. काकूंच्या हातातल्या फोनमधून ताई विचारत होती, "जिवंत आहे ना? काकू, जिवंत आहे ना?"

"आहे, आहे. नुसता बसलाय!"

साहेब कामाचा माणूस. त्यांनी पडद्यातूनच विचारलं, "ते राहू दे. बकरा मेला नाही, मग मेलं कोण?"

तपासनीसानं नोंद उघडली आणि त्याचा चेहरा उतरला. कर्नलची काहीच चूक नव्हती. होकार दर पाच सेकंदांनी ताईचे सगळे जुने निरोप मेमरीत नव्यानं साठवत होता आणि एकही सोडत नव्हता. फुगता फुगता तो बकऱ्याच्याही दुप्पट झाला होता.

"होकार," तो पुटपुटला.

"होकार म्हणजे काय?"

आठ जण, काकू, किल्लीवाला आणि काकूंच्या हातातला फोन. सुटका नव्हतीच. त्यानं सगळं सांगितलं. सहकारी एकेक करून पडद्यावरून दिसेनासे झाले.

"म्हणजे तीन महिने मी कुणाला विचारत होते?" ताईनं विचारलं.

"ताई, त्यानं तुझे सगळे निरोप जपून ठेवले होते. म्हणून तर मेला."

"त्यानं," ताई म्हणाली आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सव्वा वाजला. फोन त्यानं टेबलावर समोर ठेवला होता. दीड वाजला. पावणेदोन वाजले. चारशे तेरा चाचण्या पास झाल्या होत्या, त्यामुळे साहेबांचाही फोन येणार नव्हता. दार दोरीनं बांधलेलं होतं. हे घर इतकं शांत आहे, हे त्याला तीन महिन्यांत कळलं नव्हतं. त्याला फार एकटं वाटलं.

शेवटी कुणी न विचारता त्यानंच लिहिलं: 'जेवलो नाही. गॅस बंद आहे. किल्ली आहे, कुलूप नाही. कुणाशी बोललो नाही.'

फोन खाली ठेवायच्या आत वाजला.

"का नाही जेवलास, ठोंब्या?"

पुढची दहा मिनिटं ताई नुसती रागावत होती. तो फोन कानाला घट्ट लावून ऐकत राहिला.

गुरुवारी सव्वा वाजता प्रश्न आले. ते पाच होते. पाचवा होता: 'हे तू स्वतः लिहितोयस का?'

एक चूक, एक चाचणी. त्यानं लिहिलं, 'हो.' लगेच फोन आला.

"हो काय, तुझं मशीनही म्हणेल."

"मग आता कसं पटवू?"

"रोज बोलून दाखवायचं. चल, म्हण काहीतरी."

त्यानं सवयीनं घसा खाकरला, पण गरज नव्हती. आवाज पहिल्याच झटक्यात निघाला.