लाटमास्तरांचं झोपचाक

लाटमास्तर कुणाला नमस्कार करत नसत. माणूस समोर आला की त्याची टोपी उचलायची, टाळक्यावर दोन बोटं टेकायची, डोळे मिटायचे आणि आरोळी ठोकायची, "चढलीया! लाट लई चढलीया!" टोपी परत ठेवताना ती हमखास वाकडी बसायची. त्या काळी बेळगावच्या शहापुरात वाकड्या टोपीचा माणूस दिसला की तो आमच्या गल्लीतून आलाय, हे लहान पोरसुद्धा सांगायचं.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, तारेचे. सारी नोकरी लोंढा जंक्शनात तारयंत्रावर टकटक करण्यात गेली. पेन्शन घेऊन शहापुरात आले आणि कुठल्याशा जुन्या वर्तमानपत्रात त्यांनी वाचलं, की विलायतेकडच्या कुणा डॉक्टरानं माणसाच्या डोक्याला तारा लावून आतल्या लाटा कागदावर उतरवल्या. तार हा शब्द दिसला आणि मास्तर पेटले.

"डोळ्यावर उजेडाचा ठोका, कानावर आवाजाचा ठोका," ते मला समजावत. "दोन्ही एका मापात पडले की डोक्यातली लाट त्याच मापात चालती. मग माप हळूहळू उतरवायचं. गडी आडवा!"

"पण आण्णा, बेळगावात समुद्र न्हाय, तर लाटा कुठनं आल्या?"

"तुझ्या डोक्यात डबकं बी न्हाय रं. सर बाजूला, ऊन अडवू नको."

ऊन लागायचं ते झोपचाकाला. सायकलचं चाक, त्याच्या आऱ्यांवर पत्र्याची चकती, चकतीला काठानं चौकोनी भोकं. मास्तरांच्या छपरात एक काचेचं कौल होतं. त्यातून दुपारी उन्हाचा पट्टा खाली यायचा. त्या पट्ट्यात चाक फिरवलं की खाली निजलेल्याच्या मिटल्या पापण्यांवर उजेड, अंधार, उजेड, अंधार. शिवाय मास्तरांच्या पायाखाली एक पावडी. ती दाबली की लाकडी ठोकळा फळीवर पडायचा. खटक-खटक. जरा थांबून पुन्हा खटक-खटक. सगळी भोकं मोकळी, एकालाच तेवढी लाल काच.

"ही कशाला, आण्णा?"

"शेवटची लाट लाल असती. शास्त्र हाय ते. तुला न्हाय कळायचं."

चाकाचा गुण मात्र जबरा. गल्लीतला न्हावी गंमत बघायला आला आणि हातात वस्तरा तसाच धरून संध्याकाळपर्यंत घोरला. गिऱ्हाईक अर्ध्या मिशीनिशी बाहेर कट्ट्यावर बसून होतं. एका हवालदारानं सायकलवरूनच खिडकीतून डोकावलं. तो तिथंच झोपला, पाय चालूच राहिले, आणि जाग आली तेव्हा म्हणे खानापूरच्या वेशीत उभा. कुणी म्हणेल मी फुगवून सांगतो. थोडं फुगवतो. पण न्हाव्याचं खरं आहे. ती अर्धी मिशी माझी होती.

या चाकानं सगळी झोपली. झोपलं नाही ते एकच माणूस, मास्तरांची बायको गोदाक्का.

लोंढा सोडल्यापासून तिची झोप उडाली होती. दुपारी नाही, रात्री नाही. चहात मीठ पडायचं, दूध उतू जायचं, बोलता बोलता ती भिंतीकडं बघत राहायची. वैद्य झाले, काढे झाले. मास्तर साऱ्या गावाच्या टाळक्यावर बोटं ठेवत हिंडायचे ते तिच्यासाठी आधी माप नीट बसवायला, हे आमच्या लक्षात यायला वेळ लागला.

त्यात भिंतीपलीकडचा विणकर चन्नाप्पा एक दिवस साडी खांद्यावर टाकून दारात आला.

"काय री आण्णा! धोटा मी टाकतो आणि ठोका तुमचा पडतो! हात माझा राहिलाच न्हाई. हा काठ बघा, दारू पिल्यागत चाललाय! साकु, साकु! बास झालं! मोडा ते चाक!"

मास्तरांनी हात जोडले. उभ्या जन्मात त्यांनी जोडलेले ते पहिले हात. शेवटी ठरलं, की चाक फिरवायचं ते फक्त अमावास्येला. त्या दिवशी आमच्या गल्लीत विणकर मागाला हात लावत नसत. सगळी गल्ली मुकी.

आणि नेमका अमावास्येच्या सकाळीच निपाणीहून शिवराममामा आला. गोदाक्काचा धाकटा भाऊ, तंबाखूच्या वखारीचा मालक, आवाज असा की वखारीतली तंबाखू नुसत्या हाकेनं वाळावी. आदल्या आठवड्यात गोदाक्का विहिरीवर तोल जाऊन पडली होती. काठावर कुणी होतं म्हणून वाचली.

"दाजी, आक्काला मी न्हेतो," मामा म्हणाला. "लोंढ्यात रुळाला चिकटून घर, रातची मेल जाईस्तोवर ती तुमची वाट बघत जागी. इथं हे चाक. किती जागवायचं तिला? तिकडं मळ्यात निवांत पडंल."

"आणि मी?"

"तुम्ही फिरवा की चाक."

मास्तरांची दोन बोटं सवयीनं मामाच्या फेट्याकडं गेली आणि वाटेतूनच परत आली.

"आजची दुपार दे, शिवराम."

अमावास्येला मामा गाडी जुंपणार नव्हताच. "दिली. झोपली तर ऱ्हाईल. न्हाय तर उद्या तांबडं फुटायला बैलं जुपतो."

दुपारी गोदाक्का चटईवर पडली. मामा काठी मांडीवर घेऊन पायथ्याशी पहाऱ्याला. मी दाराशी. उन्हाचा पट्टा पापण्यांवर आला आणि चाक फिरायला लागलं. खटक-खटक. खटक-खटक. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. मास्तरांच्या कपाळावरचा घाम नाकाच्या शेंड्यावर येऊन लोंबकळत होता आणि तो पुसायला हात मोकळा नव्हता.

सगळ्यांत आधी मामा झोपला. नुसता नाही, घोरला! मी झेप घेऊन त्याच्याच फेट्याचा शेव त्याच्या तोंडात कोंबला. गोदाक्काच्या कपाळावरची आठी मात्र सैल व्हायला लागली. मुठी उघडल्या. श्वास लांबला. पट्टा हळूहळू गालाकडं सरकत होता. तो पापण्यांवरून उतरला की खेळ खलास.

आणि काडकन पावडी मोडली.

आवाज बंद. मास्तर हातानं चाक फिरवतच राहिले, मोडक्या पावडीवर पाय मारत राहिले, पण ठोकळा हलेना. गोदाक्काच्या पापण्या फडफडल्या. बोटांनी चटई चाचपली. मी फळीवर मूठ आपटली, ती चुकीच्या मापात पडली. मास्तरांनी माझ्याकडं असं बघितलं की तसं कुणी माझ्याकडं पुन्हा बघू नये.

तेवढ्यात भिंत बोलली. खटक-खटक. खटक-खटक.

मी बाहेर पळालो आणि पलीकडच्या घराच्या मागच्या खिडकीतून डोकावलो. चन्नाप्पा! अमावास्येला, मागावर! साडी उतरवलेला रिकामा माग, धोटा कोनाड्यात ठेवलेला, आणि तो डोळे मिटून मागाची नुसती फणी आपटत होता. ज्या मापाला महिनाभर शिव्या घातल्या, तेच माप. केसभरही चूक नाही. मला बघून त्यानं मानेनंच दटावलं, जा आत.

आत आलो तेव्हा चाक मंदावलं होतं, लाल काच उन्हातून सावकाश सरकत होती. गोदाक्काच्या पापण्यांवरून लाल ठिपका गेला, आणि ती झोपेतच पुटपुटली, "मेल गेली काय हो?"

मी त्या चौकोनी भोकांकडं बघितलं. डब्यांच्या खिडक्या होत्या त्या. रुळाशेजारच्या घरात भिंतीवरून पळणाऱ्या उजेडाच्या चौकटी. खटक-खटक रुळांच्या सांध्यांचं. आणि लाल काच म्हणजे गाडीच्या शेपटाचा दिवा. तो गेला की मास्तर पुढच्या ठेसनाला तार करणार, यंत्र झाकणार आणि घरी येणार. तो दिवा दिसल्यावरच गोदाक्का इतकी वर्षं झोपत आली होती.

"गेली," मास्तर म्हणाले. "तार बी केली."

"मग या की घरात."

भिंतीपलीकडं फणी वाजत होती. मास्तरांनी चाक अलगद थांबवलं. चटईशी बसले, तिच्या कपाळावर दोन बोटं टेकली, डोळे मिटले. या वेळी आरोळी नव्हती.

"आलो गं," ते म्हणाले.