चौथ्या पायरीवरचा संगणक

रघूत्तमराव तलकाडची सहल आटोपून घरी आले आणि बघतात तर टेबल रिकामं. संगणक नाही, की-बोर्ड नाही, नुसता धुळीचा चौकोन.

"अगं, माझा कॉम्प्युटर कुठाय?"

"चौथ्या पायरीवर," वरलक्ष्मीबाई आतून म्हणाल्या.

मैसूरुतल्या जयलक्ष्मीपुरमच्या त्या घरात दसऱ्याला नऊ पायऱ्या रचून बाहुल्या मांडतात. यंदाचा देखावा नातीने, इंजिनिअरिंगच्या काव्याने ठरवला होता: घरगुती संगणकाचा इतिहास. लष्कर मोहल्ल्यातल्या भंगारवाल्याकडून तिने ढेरपोटे मॉनिटर आणि पिवळे पडलेले माऊस गोळा केले होते. आणि चौथ्या पायरीवर, लाकडी राजा-राणीच्या शेजारी, हळदकुंकू लावून बसवला होता अज्जांचा, म्हणजे आजोबांचा, एकोणीसशे अठ्ठ्याण्णव सालचा, रोज चालणारा संगणक. समोर चिठ्ठी होती, 'प्राचीन'.

रघूत्तमरावांना ते फार लागलं. अकरा वर्षं ते त्या यंत्रावर मैसूरुच्या मराठी घराण्यांचा इतिहास लिहीत होते. मराठी मंडळाच्या स्मरणिकेत तो छापायचा होता. एकच प्रकरण उरलं होतं, त्यांच्या स्वतःच्या घराण्याचं. संपादक शंभूरावांनी निक्षून सांगितलं होतं, विजयादशमीला पाच वाजेपर्यंत कागद हातात पडले नाहीत तर त्या पानांवर पाककृती जातील.

त्यांनी संगणक उचलायला हात घातला, तशा वरलक्ष्मीबाई आडव्या आल्या. आरती झाली होती. आता विजयादशमीला एक बाहुली झोपवेपर्यंत पायरीवरचं काही हलवायचं नाही.

"तुमच्याच आईंनी घालून दिलेला नेम आहे, री. मी सुम्ने, उगीच सांगत नाही."

आईंचं नाव निघताच रघूत्तमरावांनी हात मागे घेतला. मग त्यांनी काव्याला सांगितलं, फाइल तुझ्या लॅपटॉपवर घे. काव्या म्हणाली की ह्या यंत्राला फक्त फ्लॉपी कळते. फ्लॉप्या कुठायत, असं विचारल्यावर तिने हळूच वर बोट केलं. देखाव्याची कमान चाळीस फ्लॉप्यांची होती आणि डिंक चांगला होता.

शेवटी त्यांनी वायर ओढून घेतली, स्टूल मांडलं, पायऱ्यांखाली राहिलेला की-बोर्ड मांडीवर घेतला आणि देवासमोर बसावं तसे पायऱ्यांसमोर लिहायला बसले. संध्याकाळी गोंबे, म्हणजे बाहुल्या, बघायला आलेल्या एका मुलाने हे खरे आहेत का ते बघायला त्यांचा कान ओढला.

मुलांचं एक वेळ चाललं असतं. हळदकुंकवाला आलेल्या मराठी बायकांनी मात्र पडद्यावर आपापली आडनावं वाचली. बिंदुमाधवांच्या पत्नीने सांगितलं की आमचे पणजोबा घोड्यांना खरारा करणारे मोतद्दार नव्हते, पागेवरचे अधिकारी होते. दुसऱ्या दिवशी अंबूताई आल्या. त्यांना पणजीच्या वनवासाला किमान एक पान हवं होतं. कुंकू लावून घेणाऱ्या बाईमाणसाला नाही कसं म्हणायचं? रघूत्तमराव दुरुस्त्या करत राहिले. आठ दिवस गेले आणि स्वतःच्या घराण्याची एक ओळ लिहून झाली नाही.

विजयादशमीला दुपारी त्यांनी पुरणाचे चार होळिगे तुपाबरोबर खाल्ले, स्टुलावर बसले आणि मथळा टाइप केला, 'आमचे घराणे'. मग जरा डोळे मिटले. की-बोर्ड मांडीवर होता, डोकं खाली गेलं आणि कपाळ बरोबर एका कळीवर टेकलं.

पाचला शंभूराव आले. वरलक्ष्मीबाई तेव्हा झोपवायला राजाची बाहुली उचलणार होत्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं आणि राजा परत ठेवला.

"यंदाची बाहुली आपणच झोपली बघा," त्या शंभूरावांना म्हणाल्या. "आता सकाळपर्यंत उठवायचं नाही."

शंभूराव नेम मानणारे गृहस्थ होते. काव्याने अज्जांच्या कपाळाखालून की-बोर्ड अलगद काढून प्रिंट दिली. तिसऱ्या पायरीवर देखाव्यात मांडलेला अज्जांचा प्रिंटर खरखरत तासभर चालला. शंभूरावांनी गठ्ठा घेतला आणि न वाचता छापखान्यात पोचवला. रघूत्तमरावांचं अक्षर न अक्षर जसंच्या तसं छापायचं, अशी त्यांची छापखान्याला सक्त ताकीद होती.

स्मरणिका निघाली आणि आठवडाभर फोन थांबेना. बिंदुमाधवांचं म्हणणं, अधिकारी नव्हे, मुख्य अधिकारी. अंबूताईंना पणजीचं पान अर्ध्यावर कापल्यासारखं वाटलं. एकूण एक घराणं नाराज होतं. रघूत्तमरावांनी शेवटचं प्रकरण उघडलं. 'आमचे घराणे', आणि त्याखाली अडीच पानं 'ममममममममम'.

त्यांनी डोकं धरलं. वरलक्ष्मीबाईंनी चष्मा लावून अडीचही पानं शांतपणे पाहिली आणि पुस्तक मिटलं.

"आपल्या घराण्याबद्दल मात्र एकाचीही तक्रार नाही," त्या म्हणाल्या.