काठावरचं एक मत

आमच्या शेजारच्या काटेवाल्या आप्पांच्या नातीचं बारसं होतं. पोर कुणाच्या वळणावर गेली, यावरून दोन्हीकडच्या बायकांची जुंपली होती. आप्पा पाळण्यावर वाकले, चष्मा पुसून पोरीकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "सध्या काठावर हाये."

त्यांच्या लेखी जगात माणसं तीनच प्रकारची: पक्की, कच्ची आणि काठावरची. जालन्याच्या एमआयडीसीत एका बियाणे कारखान्याच्या वजनकाट्यावर आप्पांनी तीस वर्षं काढली. निवृत्त झाल्यावर काटा सुटला, वजन करायची खोड काही सुटली नाही. मालट्रक नाहीत म्हणून उमेदवार चढवायला लागले.

यंदा महापालिकेची निवडणूक लागली. खरं तर आपण नगरसेवक निवडायचे आणि महापौर त्यांनी. पण आमच्या प्रभागात उभे राहिलेले शेठ आणि मॅडम, दोघांच्याही फलकावर 'भावी महापौर'. दोघांचीही माणसं अंदाज विचारायला आप्पांच्या ओट्यावर येत. मी प्राथमिक शिक्षक, त्यात बीएलओ, म्हणजे मतदारयादी काखेत मारून दारोदार हिंडणारा. निवडणूक म्हटलं की माझे पाय आधीच दुखायला लागतात. संध्याकाळी मीही त्याच ओट्यावर टेकायचो, फक्त चहासाठी.

शेठनी रॅली काढली. त्यांचा कार्यकर्ता घाम पुसत आला. "आप्पा, पाच हजार माणूस होतं!"

"बारदाना काढा, मंग बोला."

पोत्याचं वजन वजा केल्याशिवाय धान्याचं कळत नाही, हा त्यांचा सिद्धांत. "उपरणेवाले निम्मे रोलिंग मिलचे कामगार. त्यांचं मतदान बिहारात. बाकीचे जेवायला आल्ते. निव्वळ भरले चारशे."

"आन काठावरचे?"

"ते शेवटच्या तासाला येत्यात. त्यांच्यासाठी बसावं लागतं."

एक मत मात्र आप्पांना पस्तीस वर्षांत सापडलेलं नाही. कार्यकर्त्यांनी "घरचं मत कुणाला?" म्हणून विचारलं, की आप्पांच्या बायको, आमच्या काकू, आतून सांगतात, "मशिनीला."

याद्या ते जुन्या वजनपावत्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर करत. पूर्वी त्यात पाण्याचे रकाने असायचे. आठव्या दिवशी नळ येणारी गल्ली, पंधराव्या दिवशी येणारी गल्ली आणि टँकरवाली गल्ली. आठवाले सत्तेला, पंधरावाले विरोधात, टँकरवाले ज्याचा टँकर त्याला. अंदाज सहसा चुकायचा नाही. यंदा मात्र येणारा जाणारा एकच विचारायचा, "आडनाव काय?"

"शाळेतलं पोरगंबी करंल हे," आप्पा म्हणायचे. "आडनाव वाचा, रकाना भरा. काट्याचं कामच राह्यलं न्हाई, मास्तर."

असं म्हणत म्हणत ते रकाने भरतच होते आणि मी चहा पीत बघतच होतो. वीट दोघांनाही आला होता.

एके दिवशी शेठचा माणूस यादी वाचत होता. नामदेव हे नाव आलं. "धनगर. मॅडमकडं पक्कं. लिहा."

"काठावर," आप्पा म्हणाले.

"अहो, मॅडमचा झेंडा घेऊन फिरून राह्यला तो!"

"काठावर म्हन्लो न्हवं? फुडं वाचा."

नामदेव म्हणजे काट्यावरचा त्यांचा जोडीदार. आप्पा वजन सांगायचे, नामदेव पावती लिहायचा. आप्पा मराठा, गाव अंतरवालीच्या बाजूचं, नामदेवचं वडीगोद्रीच्या. सणासुदीला दोघं एकाच मोटारसायकलवर गावाकडे जायचे. निवृत्तीनंतरही रोजचा चहा बरोबर. मग मराठा-ओबीसी आरक्षणावरून वातावरण तापलं, माणसं समोरासमोर आली, तरी या दोघांचा चहा चालू होता. एकदा चहा पिता पिता आप्पांच्या तोंडून निघून गेलं, "नामदेवा, तुमच्या लोकांनी जरा..."

नामदेवने अर्धा कप खाली ठेवला. "तीस वर्षं आपले लोकं म्हनला तू. आज तुमचे झाले का, आप्पा?"

तो उठून गेला, त्याला दीड वर्ष झालं. हे मला काकूंनी सांगितलं. आप्पांनी कधी विषयसुद्धा काढला नाही.

मतदानाच्या दिवशी शाळेबाहेर माझं टेबल होतं. शेजारच्या बाकावर आप्पा सकाळपासून येऊन बसले होते. साडेसातलाच नामदेव आला. त्याचं नाव मीच यादीत शोधून दिलं. तो आप्पांच्या समोरून आत गेला, बोटाला शाई लावून बाहेर आला आणि खाली बघत निघून गेला. आप्पा अर्धवट उठले होते, ते परत बसले.

साडेपाचला शाळेचं फाटक लागलं. दोन्ही भावी महापौरांची माणसं आकडे विचारून गेली. मी टेबल आवरलं. आप्पा अजून बाकावरच. मांडीवर पावत्यांचा गठ्ठा, आणि वरच्या पावतीवर 'काठावर'च्या खाली एकच नाव उरलेलं.

"आप्पा, त्यानं सकाळीच मत दिलं. कुणाला दिलं ते तुम्हाला माहीत आहे."

"मताचं कोन बोलून राह्यलं, मास्तर?"

नामदेव गेला होता त्या रस्त्याकडे ते बघत होते. मी म्हणालो, "चला घरी. मतदान संपलं."

"तुम्ही व्हा फुडं," आप्पा म्हणाले. "काठावरचं शेवटच्या तासाला येतं. बसावं लागतं."