कलिंगडापाशी सभा

आमच्या गेवराईत दर रविवारी सकाळी दहाला एक सभा भरते आणि भरल्या भरल्या तहकूब होते. ती बोलावणारे, तहकूब करणारे आणि साडेदहाला पुन्हा भरवणारे गृहस्थ एकच, किसनतात्या. बाजार समितीतून निवृत्त झालेले कारकून, माझे शेजारी. गणसंख्या नसेल तर सभा अर्ध्या तासाने त्याच जागी घ्यायची, मग एकटा माणूस असला तरी चालतो, हा नियम त्यांना तोंडपाठ. तो अर्धा तास ते घड्याळाकडे बघत उन्हात उभे राहतात. "नेम म्हंजे नेम," म्हणतात.

सभेची जागा म्हणजे चौकातलं स्मारक. तात्यांच्या सेवा क्लबाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा बांधलेलं. काळ्या दगडावर अकरा सभासदांची नावं आणि वर सिमेंटचा हिरवा पृथ्वीगोल. रिक्षावाले त्याला कलिंगड म्हणतात. "कलिंगडापाशी कोण उतरणार?" असं ऐकू आलं की तात्या रिक्षामागे चार पावलं धावतात.

"कलिंगड न्हाई बे, पृथ्वी हाय ती!"

खरं सांगायचं तर मलाही ते कलिंगडच वाटतं.

अकरा जणांपैकी काही वारले, काही पोरांकडे पुण्याला गेले. उरले तात्या. मी पडलो मास्तर. आठवडाभर वर्गात ओरडून घसा बसलेला, हातात भाजीची पिशवी, आणि तात्या अडवून मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून दाखवणार. अगदी वैताग येतो.

गेल्या महिन्यात रस्ता रुंदीकरणाची नोटीस लागली. स्मारक पाडणार. बागेत हलवायचं असेल तर क्लबाचा ठराव आणा, असं नगरपरिषदेत सांगितलं. तात्यांनी रविवारच्या सभेत ठराव लिहिला, सूचक म्हणून सही केली. अनुमोदक मात्र दुसरा सभासद हवा, तोही सभेला हजर असलेला.

"दोन्हीकडे तुम्हीच करा सही. कोण बघतंय?" मी म्हणालो.

"खोटं कावून लिहू? मास्तर असून असं बोलता?"

मग त्यांनी पिशवीतून एक कागद काढला. सभासदत्वाचा अर्ज. माझं नाव, पत्ता, शिक्षण, सगळं त्यांच्या टपोऱ्या अक्षरात. कागद घड्यांवर फाटायला आलेला.

"लई दिस झाले लिहून. इचारायचं धाडस झालं न्हाई. तुमी दमलेले असता."

मला माझीच लाज वाटली. स्मारकाच्या पायरीवर बसून मी सही केली. तात्यांनी अर्ज सभेपुढे ठेवला, स्वतःच हात वर केला आणि मंजूर केला. मग मी ठरावावर अनुमोदकाची सही केली. एकदाचं सुटलो म्हणून उठलो.

"बसा. आभारप्रदर्शन ऱ्हायलंय."

तात्या उभे राहिले. दगडावरच्या बाकी दहाही जणांचे त्यांनी एकेक नाव घेऊन आभार मानले, वारलेल्यांचेसुद्धा. माझ्या नावापाशी आले आणि त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. टोपीनेच त्यांनी डोळे पुसले.

"फुडच्या रविवारी या, न्हाईतर नका येऊ," ते म्हणाले. "पर आज घाई करू नका, मास्तर."

पिशवीतली मेथी उन्हात सुकत होती. मी पायरीवर पुन्हा बसलो.